सीट कोरडी नाही, मळलेली आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली, आत फिकट बेज रंगाच्या लेदर सीट आहेत. ड्रायव्हरची सीट काळपट, तुकतुकीत झाली आहे, दाराच्या बाजूच्या उंच कडेवर बारीक रेषा पडल्या आहेत आणि एकूण लेदर कडक, कोरडं वाटतंय. एकाने सांगितलं भरपूर कंडिशनर लावा. दुसऱ्याने सांगितलं घरातलं तेल चोळा आणि रात्रभर मुरू द्या. तर कोणतं कंडिशनर घ्यावं आणि किती वेळा लावावं?

अठरा वर्षं गाड्या आतून साफ करण्याचंच काम करतोय, म्हणून आडवळणं न घेता सांगतो. कंडिशनर अजून विकतच घेऊ नका. तुम्ही वर्णन केलंय ते कोरड्या सीटचं नाही, मळलेल्या सीटचं आहे. हाताला जे कडक, कोरडं लागतंय तो पाच वर्षांचा घाम, अंगाचा ओशटपणा आणि धूळ यांचा बसून गेलेला थर आहे. त्यावर कंडिशनर चोळलं तर तो थर ओला होऊन आणखी घट्ट बसेल आणि दोन दिवस सीट झकास दिसेल. हे दोन दिवसच सगळा घोळ करतात. माणसाला वाटतं उपाय लागू पडला, मग तो दर आठवड्याला तेच करत राहतो.

आधी हे समजून घ्या की गाडीच्या सीटवर आपला हात चामड्याला लागत नाही, रंगाला लागतो. आजच्या बहुतेक गाड्यांमधलं लेदर रंगाचा थर दिलेलं असतं. कातडं कमावताना ते मोठ्या ड्रममध्ये घुसळत त्यात तेलं मुरवतात, या कामाला फॅटलिकरिंग म्हणतात. मग ते वाळवून त्यावर रंगाचे थर चढवतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक टॉप कोट. सीटचा मऊपणा येतो तो आत मुरवलेल्या त्या तेलांमुळे, आणि ती तेलं टॉप कोटच्या खाली बंद असतात. वरून चोळलेलं काहीही तिथपर्यंत फारसं पोचत नाही. तुम्हाला जपायचाय तो टॉप कोट. जाडीला तो नगण्य, पण घाम, धूळ, घासणं, ऊन सगळं तोच झेलतो. गाडीच्या पत्र्याला कोणी तेल पाजत नाही, धुतात आणि वरून संरक्षण देतात. सीटचंही साधारण तसंच.

मग लेदरला 'खाऊ घालायचं' हे खूळ आलं कुठून? जुन्या गाड्यांमधून. कॉनॉली ही 1878 सालची ब्रिटिश कंपनी. रोल्स-रॉइस, जॅग्वारसारख्या गाड्यांना तिचं लेदर असायचं. तिच्या एका क्रीमचं नावच 'हाइड फूड' होतं, म्हणजे शब्दशः कातड्याचं अन्न. त्या काळच्या लेदरवरचा थर आजच्यासारखा चिवट नसायचा. वयाबरोबर तो तडकायचा आणि क्रीमला आत जायला वाट मिळायची. लेदर बदललं, नाव आणि सवय मात्र मागे राहिली.

तरीही तुमच्या सीटचं लेदर कोणतं आहे ते स्वतः तपासा, गृहीत धरू नका. हेडरेस्टच्या मागे किंवा सीटच्या पाठीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, तिथे स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवा आणि दोन-तीन मिनिटं बघत बसा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला आणि पुसल्यावर खाली काहीच खूण नाही, तर थर दिलेलं लेदर आहे. पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. थेंब हळूहळू पसरून खालचं लेदर गडद झालं, तर ते अ‍ॅनिलिन किंवा सेमी-अ‍ॅनिलिन असू शकतं. त्यावर थर नसतो किंवा नावापुरता असतो, म्हणून पाणी, तेल, डाग सगळं ते पिऊन टाकतं. अशा सीटला त्याच प्रकारासाठी बनवलेलं क्लीनर लागतं, पाणी अगदी बेतानं, आणि डागाशी झटापट करायचीच नाही. मखमलीसारखा पृष्ठभाग असेल तर एक तर ते नुबक, म्हणजे वरून घासून मखमली केलेलं चामडं, असेल किंवा अल्कांटारा. अल्कांटारा चामडं नव्हेच. 1970 साली जपानच्या तोरे कंपनीत शोधलेलं, पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेनपासून बनवलेलं ते कापड आहे. त्यावर लेदर कंडिशनर लावलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. तिचे तंतू एकमेकांना चिकटून सीटवर मांजराने चाटल्यासारखे पट्टे उठले होते.

आणखी एक शक्यता आहे. थेंब उभा राहिला म्हणून ते चामडंच आहे असं नाही. रेक्झिनवरही तो तसाच उभा राहतो. मर्सिडीजचं एमबी-टेक्स, बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक ही चामड्यासारखी दिसणारी कृत्रिम आवरणं आहेत, आणि चांगली टिकाऊ आहेत. शिवाय 'लेदर सीट' म्हणून विकलेल्या कित्येक गाड्यांत पाठ आणि बूड टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो, बाजू आणि मागची बाजू कृत्रिम. साफ करायची पद्धत दोन्हींना जवळपास सारखीच, त्यामुळे काळजीचं कारण नाही. पण सीटवरून पातळ पापुद्रे सुटत असतील आणि खाली कापडाची वीण दिसत असेल, तर ते पॉलियुरेथेनचं आवरण आहे आणि त्याचं आयुष्य संपलंय. दमटपणाने ते रासायनिकरीत्या तुटतं, जगातलं कुठलंही कंडिशनर ते परत चिकटवत नाही. तिथे पैसे घालवू नका.

तुमची सीट तुकतुकीत झालीय म्हणता. बेज लेदर कारखान्यातून येतं तेव्हा जवळजवळ मॅट असतं. कधीच कोणी न बसणाऱ्या मागच्या मधल्या जागेवर नजर टाका, तीच तुमच्या सीटची खरी कांती. चमक म्हणजे ओशटपणा. लेदरच्या कणीतले, म्हणजे पृष्ठभागावरच्या नैसर्गिक नक्षीतले, बारीक खड्डे मळाने भरले की पृष्ठभाग सपाट होतो आणि सपाट पृष्ठभाग चमकतो. लोक हीच चमक वाढवायला पॉलिश आणतात. ओशट मळात धुळीचे टोकदार कण अडकलेले असतात आणि प्रत्येक वेळी बसता-उठताना ते टॉप कोटवर पॉलिश पेपरसारखे घासले जातात. मळ दिसायला वाईट म्हणून नाही, रंग खातो म्हणून काढायचा.

आता काम. लागेल ते असं: एक व्हॅक्युम क्लीनर, घोड्याच्या केसांचा किंवा तितकाच मऊ ब्रश, सात-आठ पांढरी मायक्रोफायबर कापडं, बादलीभर स्वच्छ पाणी आणि लेदरसाठी बनवलेलं सौम्य, पाण्यावर आधारित क्लीनर. बाटलीवर पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कधर्मी) किंवा त्याच्या आसपास असं लिहिलेलं बघा. कापडं पांढरी घ्या, याचं कारण पुढे येईल. अंगाचा साबण, भांड्यांचं लिक्विड, पायपुसणी धुवायचं सर्वकामी क्लीनर नको. साबण अल्कधर्मी असतो आणि त्याचा राप सीटवर उरतो. ओल्या वाइप्स प्रवासात एखाद्या वेळी ठीक, पण रोजचं काम त्यांच्यावर सोपवू नका.

गाडी सावलीत, सीट हाताला थंड. तापलेल्या सीटवर क्लीनर पुसायच्या आत वाळतो आणि डाग ठेवून जातो. व्हॅक्युम आधी आणि तोही नीट. बूड आणि पाठ जिथे भेटतात ती फट दोन बोटांनी उघडा. तिथे वाळू, खडे, सुया, नाणी सगळं निघतं. शिवणीतली वाळू ब्रशने उडवत व्हॅक्युममध्ये ओढा. ही वाळू राहिली आणि तुम्ही ओला ब्रश फिरवलात, तर घासकाम तुम्हीच केलंत असं समजा.

सीट एकदम पूर्ण धुवायची नाही. साधारण एक फूट बाय एक फुटाचा चौकोन घ्यायचा. सुरुवात उंच कडेपासून नाही, मधल्या सपाट भागापासून करा. हात बसतो आणि क्लीनर कसा वागतोय ते कळतं. क्लीनर सीटवर फवारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. ब्रशचे केस दुसऱ्या हाताने किंचित चोळून फेस करा आणि मग हलक्या हाताने गोल-गोल फिरवा. दाब देऊ नका, ब्रशची टोकं कणीत शिरली पाहिजेत, केस आडवे पडता कामा नयेत. पंधरा-वीस सेकंदांत पांढरा फेस आधी पिवळट, मग चहाच्या रंगाचा होईल. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक गाडीमालक इथे "अरेच्चा!" म्हणतो. फेस वाळायच्या आत पांढऱ्या कापडाने टिपून घ्या, कापड उलटा, परत पुसा. मग दुसरं कापड पाण्यात बुडवून कडकडीत पिळून त्याने एकदा फिरवा, म्हणजे क्लीनरचा अंश राहत नाही. शेवटी कोरडं कापड.

तोच चौकोन परत करा. पाच वर्षांचा मळ एका फेरीत निघत नाही. ड्रायव्हरच्या सीटला मला बहुतेक वेळा तीन फेऱ्या लागतात, शेजारच्या सीटला एक-दोन. थांबायचं कधी? कापड स्वच्छ यायला लागलं आणि चमक जाऊन लेदर मॅट दिसायला लागलं की. धुतलेल्या आणि न धुतलेल्या चौकोनावर डोळे मिटून बोटं फिरवून बघा. धुतलेल्या जागी बोट किंचित अडखळत सरकतं, मळलेल्या जागी मेणचट घसरतं. आणि गंमत म्हणजे, तुम्हाला जे लेदर 'कडक' वाटत होतं ते कंडिशनरचा एक थेंबही न लावता मऊ लागेल.

पांढऱ्या कापडाचं कारण मी महागात शिकलोय. कामाला लागून वर्षभरही झालं नव्हतं. एक क्रीम रंगाची सीट आली, मळ हटेना, म्हणून पायपुसण्यांसाठी ठेवलेलं जोरदार क्लीनर पाणी न मिसळता घेतलं. कापड भराभर पिवळट यायला लागलं. मी खूश, मळ निघतोय! कापडही पिवळट होतं, त्यामुळे शंका आली नाही. मग खिडकीतून ऊन आलं आणि दिसलं की उंच कडेवर तळहाताएवढ्या भागात करडं, सुई टोचल्यासारखं कच्चं लेदर उघडं पडलंय. मळ नव्हे, मी रंगच काढत होतो. ती सीट पदरमोड करून रंगवून दिली. तेव्हापासून नियम एकच आहे: कापडावर तपकिरी, करडं, काळं आलं तर मळ. सीटचा स्वतःचा रंग आला तर हात तिथल्या तिथे थांबवायचा. तुमची सीट बेज आहे, तेव्हा तुम्हाला जास्तच बारकाईने बघावं लागेल. आणि नवा क्लीनर आधी लपलेल्या जागी आजमावून बघा, बाटलीवर कितीही गोड लिहिलेलं असो.

सीटला बारीक भोकं असतील तर फवारणी पूर्ण बंद. पाणी भोकातून फोममध्ये गेलं की लवकर वाळत नाही आणि वास धरतं. फेस कापडावर घेऊन पुसा, ब्रश अगदी कोरडसर ठेवा. हवा फेकणाऱ्या सीटमध्ये तर त्या भोकांमागे पंखा असतो. तिथे कंडिशनरचा गोळा अडकला की टाचणीने एकेक भोक मोकळं करत बसावं लागतं, मी बसलोय. शेजारच्या सीटखाली माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो, म्हणून तिथेही पाणी नको. तापणारी सीट पूर्ण वाळेपर्यंत चालू करू नका. कित्येक गाड्यांत दाराकडच्या कडेत बाजूची एअरबॅग असते, शिवणीजवळ तसं लेबल दिसेल. ती शिवण वेळ आली की फाटावी अशाच बेताने घातलेली असते. तिथला दोरा सुटला म्हणून घरी सुईदोरा घेऊ नका.

मेलामाइन स्पंज, तो पांढरा 'जादूचा' स्पंज, याबद्दल मला हमखास विचारतात. डाग जातो, नक्की जातो, कारण तो घासून काढतो. अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे तो. प्रत्येक वेळी थोडा टॉप कोट घेऊन जातो. मी स्वतः वर्षातून एक-दोनदा वापरतो, नाण्याएवढ्या डागावर, दोन-तीन हात. पूर्ण सीटवर वापरलेला बघितला की मला रंगकामाचं गिऱ्हाईक दिसतं.

आता कंडिशनर. त्याला मी निरुपयोगी म्हणत नाही, त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका एवढंच. थर दिलेल्या लेदरवर चांगलं, पाण्यावर आधारित कंडिशनर पृष्ठभागाचं घर्षण कमी करतं, त्यामुळे कपडे घासून होणारी झीज घटते. लेदरला लेदर घासून येणारा करकर आवाज जातो. काहींमध्ये अतिनील किरणांपासून थोडं संरक्षण असतं. शिवणीजवळ, भोकांजवळ, बारीक भेगांजवळ जिथे थर तुटलेला आहे तिथे थोडं आतही जातं. एवढं पुरे आहे. लावायचं ते स्वच्छ आणि कोरड्या सीटवर, साफसफाईनंतर तासाभराने. वाटाण्याएवढा थेंब स्पंजवर घेऊन एक चौकोन, इतकं पातळ की ओलं दिसावं पण पांढरं दिसू नये. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने राहिलेलं सगळं पुसून काढा. सगळं. लोकांना वाटतं राहिलेलं आत मुरेल. मुरत नाही, धूळ धरून ठेवतं. लावून झाल्यावर सीट आधीपेक्षा चमकदार दिसली तर एक तर जास्त लावलंत, नाहीतर उत्पादनच चकाकीचं आहे.

ती चकाकीवाली सिलिकॉनची ड्रेसिंग सीटवर नकोच. सीट निसरडी होते, आणि ब्रेक मारताना ड्रायव्हर सीटवर सरकणं ही चेष्टा नाही. शिवाय पुढे कधी सीट रंगवायची वेळ आली तर सिलिकॉनवर रंग धरत नाही.

घरातल्या तेलाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सल्ला देणारे सगळे जवळचेच असतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो. जुन्या जोड्यांना, बैलाच्या साजाला, खोगिराला तेल देतात ते बरोबरच आहे. त्या चामड्यावर थर नसतो, ते तेल पितं आणि पाण्यापासून वाचतं. गाडीची सीट तेल पीत नाही. तेल वर बसतं, शिवणीतून दोऱ्यात शिरतं आणि फिकट दोरा कायमचा काळवंडतो. उन्हात तापून ते हवेशी संयोग पावतं, चिकट होतं, खवट वास मारतं, आणि जे भेगांतून आत गेलं ते रंगाची पकड सैल करतं. एका काकांनी गाडी आणली होती, आठ वर्षं दर महिन्याला नेमाने तेल. इतक्या मायेने जपलेली गाडी मी क्वचितच बघितलीय. सीटला कापड लावलं की चिकटायचं. पाच फेऱ्या केल्या, चौदा कापडं गेली, आणि खालून निघालेला रंग बघून काका म्हणाले, "ही सीट इतकी पांढरी होती?" त्यांना बोलायचं तरी काय?

डागांचं वेगळं. जीन्सचा निळा रंग फिकट सीटवर चढतो, विशेषतः नवी जीन्स आणि घाम एकत्र आले की. पहिल्या आठवड्यात साध्या क्लीनरने निघतो. महिनोन्‌महिने उन्हात तापला की थरात शिरतो आणि मग क्लीनरचं काम संपतं. म्हणून फिकट सीटला संरक्षक कोटिंग देण्यात अर्थ आहे. तो थर डाग स्वतःवर घेतो आणि झिजला की परत देता येतो. बॉलपेनची रेघ उठली तर पहिली काही मिनिटं महत्त्वाची: चोळू नका, चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला, मग लेदर क्लीनरने टिपा. जुनी रेघ असेल तर माझा सल्ला ऐका आणि सोडून द्या. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, डिओ, टूथपेस्ट हे सगळं करून बघणारे लोक माझ्याकडे रेघ नव्हे, नाण्याएवढा पांढरा ठिपका घेऊन येतात. असिटोन तर रंग विरघळवतोच. दूध सांडलं तर वरचं पुसून समाधान मानू नका, शिवणीतून खाली गेलेलं चार दिवसांनी वासाने हजेरी लावतं. लगेच ओल्या पिळलेल्या कापडाने शिवण दाबून-दाबून टिपा. रक्ताला थंड पाणी, गरम नाही. च्युइंग गमवर पिशवीतला बर्फ धरून कडक झाला की उचका.

बुरशीसाठी गाडी उघड्यावर आणा, तोंडाला मास्क लावा, कोरड्या कापडाने अलगद उचला, झाडू नका. मग दोन फेऱ्या क्लीनर आणि दारं उघडी ठेवून वाळवणं. बुरशी परत येत असेल तर दोष सीटचा नाही, कुठेतरी ओल आहे. गालिच्याखाली हात घालून बघा.

गेल्या काही वर्षांत एक नवंच दुखणं वाढलंय: हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर. त्यात 60 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं. ओल्या हाताने स्टिअरिंग धरलं, हँडरेस्टवर हात ठेवला की टॉप कोट थोडा-थोडा मऊ पडतो. वर्षभरात त्या जागा चिकट, चकचकीत, मग सोललेल्या. तसंच सनस्क्रीन. हात वाळू द्या आणि मग गाडीत बसा. याहून स्वस्त उपाय माझ्याकडे नाही.

उन्हाचं एवढंच की बंद गाडीतली हवा 50-60 अंशांपर्यंत सहज जाते आणि थेट ऊन लागणारा पृष्ठभाग त्याहून तापतो. चामड्यात थोडा ओलावा असतोच, तो अशा वेळी उडतो. सावली पडली, हवा दमट झाली की बराचसा परत येतो. हे रोजचं आकुंचन-प्रसरण आणि त्यावर बसणं, यातून सुरकुत्या पडतात. काचेला लावायचा पडदा कुठल्याही क्रीमपेक्षा जास्त काम करतो. साफसफाईनंतर सीट लवकर वाळावी म्हणून गाडी उन्हात उभी करू नका, हेअर ड्रायर तर अजिबात नको.

किती वेळा? दर आठवड्या-पंधरवड्याला व्हॅक्युम आणि कडक पिळलेल्या ओल्या कापडाचा एक हात. क्लीनर आणि ब्रश साधारण तीन महिन्यांनी, तुमची सीट फिकट आहे म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला दोन महिन्यांनी. चारही सीटना एकच वेळापत्रक लावायची गरज नाही, मागच्या सीट वर्षातून दोनदा धुतल्या तरी चालतात. कंडिशनर वर्षातून दोन-तीनदा, दर वेळी धुतल्यानंतरच. पहिली मोठी सफाई एकाच दिवशी उरकायचा हट्ट धरू नका. मी सवयीचा माणूस, तरी मळलेल्या पाच सीटना माझा अर्धा दिवस जातो. तुम्ही पहिल्या दिवशी फक्त ड्रायव्हरची सीट घ्या.

राहिल्या उंच कडेवरच्या रेषा. त्यांच्याबद्दल आत्ता काहीच ठरवू नका, धुतल्यावर बघा. मळ सुरकुतीत बसला की ती भेगेसारखी दिसते आणि निम्म्या वेळा धुतल्यावर नुसती सुरकुती उरते. सुरकुती दोष नाही, चामडं आहे म्हणजे पडणारच. धुतल्यानंतरही रेषा दिसत असतील तर मोबाइलचा दिवा सीटच्या बाजूने तिरपा धरा आणि रेषेवरून नख आडवं न्या. नख न अडता गेलं तर फक्त वरचा थर ताणला गेलाय. तिथे कंडिशनर लावत राहा आणि बसताना त्या कडेवरून घसरत आत शिरायची सवय मोडा. आधी बूड टेका, मग पाय आत घ्या. मागच्या खिशात किल्ल्या, पाकीट नको. नख अडलं आणि फटीत सीटच्या रंगाऐवजी फिकट करडं किंवा तपकिरी काही दिसलं, तर थर तुटलाय. ते काम क्लीनरचं नाही आणि कंडिशनरचंही नाही. तिथे जागा स्वच्छ करून, बारीक पॉलिश पेपर मारून, फिलर भरून, जुळवलेला रंग आणि वर नवा टॉप कोट द्यावा लागतो. फक्त ती कड रंगवून भागतं, पूर्ण सीट बदलायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका. आणि ते करायचं ठरलं तर तोवर तिथे कंडिशनरही लावू नका, रंग देणाऱ्याला ते आधी काढत बसावं लागतं.